गर्दीचा दिवस

पोस्ट मोठी आहे. फराळाचं ताट जवळ घेऊन वाचा, नाहीतर सरळ पुढं जा.

परवा रात्री आमच्या घरी बैठक बसली. ताई आणि दाजी यंदा भाऊबिजेला आलेत ते दोन दिवस जादा रजा टाकून, आणि तिची दोन, माझी दोन अशा चार पोरांनी आमच्या आधीच आपसात ठरवून टाकलं होतं की मोठ्या पार्कला जायचं. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकूर आहे. दिवस ठरला भाऊबिजेचा दुसरा, कारण दाजींना दुसरा दिवस नाही. माणसं नऊ. त्यात आई एकाहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले, पण "मी घरी थांबते" म्हणायला अजिबात तयार नाही.

भाची म्हणाली, "मामा, फास्टवाला पास घेऊ या ना. नाहीतर दिवसभरात तीनच राईड होतात. मागच्या मे महिन्यात आमचं तसंच झालं." पास म्हणजे काय, तर तिकिटावर आणखी पैसे भरायचे, मग वेगळ्या दारानं आत सोडतात, रांग नाही. दाजींनी नऊ जणांचा हिशेब काढला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फोनमध्ये बघितलं. आकडा तोच होता.

तेवढ्यात माझी धाकटी, पाचवीतली, म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन लाईनीत घुसायचं ना?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मी पडलो तालुक्याचा पत्रकार. प्रश्नाचं उत्तर आलं नाही की त्याचा इतिहास उकरत बसायचं, ही जुनी खोड. दोन रात्री त्यातच गेल्या.

तर सुरुवात करू १७ जुलै १९५५ पासून. रविवार. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अनाहाइम नावाचं तेव्हाचं लहान गाव, आजूबाजूला संत्र्यांच्या बागा. त्यातल्या १६० एकरांवर वॉल्ट डिस्नेनं वर्षभरात डिस्नेलँड उभं केलं होतं. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर, त्या काळचे. एवढा पैसा त्याच्याकडं नव्हता. एबीसी या टीव्ही कंपनीनं पैसे घातले, कर्जाला हमी दिली आणि बदल्यात पार्कचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा घेतला. वर डिस्नेनं त्यांच्यासाठी दर आठवड्याला कार्यक्रम करायचा. त्यामुळं उद्घाटनही टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलं. निवेदक तिघं, त्यातला एक रोनाल्ड रेगन नावाचा नट. हो, तोच, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला.

या पार्कची कल्पना कशी सुचली, याची गोष्ट डिस्ने स्वतः सांगायचा. तो मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात चक्रीवर बसायला न्यायचा. मुली फिरत राहायच्या आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात वाट बघायचा. आईबाप आणि पोरं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा असायला पाहिजे, हे त्याला त्या बाकावर वाटलं. आता ही गोष्ट किती खरी आणि किती घोटून गुळगुळीत केलेली, देव जाणे. पण मी स्वतः आजवर सगळ्या जत्रांतून असाच बाकावर बसलोय, त्यामुळं माझा तिच्यावर विश्वास आहे.

उद्घाटनाचा दिवस सगळ्यांसाठी नव्हताच. फक्त निमंत्रित. पत्रकार, नट, प्रायोजक, कामगारांची कुटुंबं. सुमारे १५ हजार लोक धरले होते. फुकट पास म्हटल्यावर आमची जमात कुठं मागं राहते! पण पत्रकार हे त्या दिवसाचं मोठं दुखणं नव्हतं. बाहेर खोटे पास छापून विकले गेले होते. एकानं तर कुंपणाला शिडी लावली आणि माणशी पाच डॉलर घेऊन लोकांना आत उतरवलं, असं सांगतात. १५ हजारांच्या जागी आत शिरले जवळपास २८ हजार.

पारा ३८ च्या आसपास. रस्त्यांवरचं डांबर आदल्या रात्रीपर्यंत टाकत होते, ते उन्हानं मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. खाण्याचे पदार्थ संपले. नदीतली मोठी बोट माणसांनी इतकी भरली की पाणी डेकवर आलं. एका भागात गॅस गळाला म्हणून तो काही वेळ बंद ठेवावा लागला. आणि मुख्य म्हणजे प्यायला पाणी नाही.

पाण्याची गोष्ट नीट सांगायला हवी. काम चालू असताना नळकाम करणाऱ्या कामगारांचा संप झाला होता. तो मिटला तेव्हा हातात इतके थोडे दिवस उरले की एकच काम पुरं होणार होतं. एकतर संडास चालू करायचे, नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ. डिस्नेनं संडास निवडले. लोक पेप्सी-कोक पिऊ शकतील, रस्त्यावर बसू शकणार नाहीत, असा त्याचा साधा हिशेब. हिशेब बरोबरच होता. पण ३८ डिग्रीत उभ्या असलेल्या माणसाला कोरडा नळ दिसतो आणि शेजारी पैसे घेऊन थंड बाटली विकणारा दिसतो, तेव्हा त्याला संप वगैरे काही आठवत नाही. हे मुद्दाम केलंय, असंच लोकांना वाटलं आणि पेपरवाल्यांनी तसंच लिहिलं. पार्कातले लोक त्या दिवसाला पुढं कायम 'काळा रविवार' म्हणत राहिले.

एवढी नाचक्की होऊनही दुसऱ्या दिवशी पैसे देऊन येणारं पब्लिक पहाटेपासून दारात उभं. दोन महिन्यांच्या आत दहा लाखावा माणूस आत गेला. लोकांना गर्दीचा राग येतो, पण म्हणून लोक गर्दीच्या जागी जायचं सोडत नाहीत. दरवर्षी यात्रेच्या बातम्या लिहिताना मला हे दिसतं.

या सगळ्यात एक माणूस होता, त्याचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. हॅरिसन प्राइस, लोक त्याला बझ प्राइस म्हणत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचा आकडेमोड करणारा. पार्क कुठं बांधावं, किती माणसं येतील, हे डिस्नेनं १९५३ मध्ये याच्या टीमकडून काढून घेतलं होतं. अनाहाइमची जागा त्यांच्याच अभ्यासातून निघाली. पुढं आयुष्यभर त्यानं जगभरच्या पार्कांसाठी असले हिशेब केले, आणि त्या धंद्यात एक कल्पना पक्की झाली. तिला आपण 'आखणीचा दिवस' म्हणू.

कल्पना अशी. पार्क बांधताना किती राईड, किती संडास, किती खुर्च्या, रस्ता किती रुंद, हे कशावरून ठरवायचं? वर्षाच्या सरासरी दिवसावरून ठरवलं तर उन्हाळ्यात बोंब. सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवसावरून ठरवलं तर वर्षातले बाकीचे दिवस निम्मं पार्क रिकामं आणि मालकाचं दिवाळं. म्हणून मधला मार्ग. बऱ्यापैकी गर्दीचा, पण सगळ्यात मोठ्या गर्दीच्या थोडा खालचा दिवस धरायचा आणि त्याच्यासाठी बांधायचं. वरचे जे मोजके दिवस उरतात, त्या दिवशी लोकांचे हाल होणार, हे आधीच कागदावर मान्य केलेलं असतं.

हे वाचलं आणि मी थांबलो. म्हणजे भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जण जिथं चाललोय, ती जागा त्या दिवसासाठी बांधलेलीच नाही! कुणी चुकलेलं नाही, कुणी फसवलेलं नाही. हिशेबातच आम्ही बाहेर आहोत. दिवाळीत एसटी स्टँडवर उभं राहिलात तर हेच, फक्त एसटी निदान जादा गाड्या सोडते. पार्क जादा चक्री कुठून आणणार?

आता रांगेकडं येऊ. सुरुवातीला डिस्नेलँडमध्ये आत जायचं तिकीट एक डॉलर आणि प्रत्येक राईडचे पैसे वेगळे. मग १९५५ च्याच ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तकं निघाली. अ, ब, क अशा वर्गांची कुपनं. साधी चक्री म्हणजे खालचं कुपन, चांगली राईड म्हणजे वरचं. पुढं ड आला, १९५९ मध्ये ई आला. ई म्हणजे सगळ्यात भारी. पुस्तकात त्या कुपनांची संख्या ठरलेली, त्यामुळं ती संपली की पोरांना निमूट साध्या राईडकडं वळावं लागायचं. गर्दी आपोआप पांगायची. १९८२ मध्ये ही पुस्तकं गेली. एकदा पैसे भरा आणि दिवसभर काहीही, कितीही वेळा. ऐकायला छान. पण मग सगळे एकाच राईडकडं धावले आणि किंमत पैशातून वेळेत गेली. पैसे सारखे, आता देऊन टाका दोन तास.

पुढं १९९९ मध्ये डिस्नेनं फास्टपास आणला. तो फुकट होता, हे महत्त्वाचं. यंत्रात तिकीट घालायचं, ते तुम्हाला वेळ देणार, तेवढ्या वेळात परत यायचं. गरीब असो श्रीमंत असो, एका वेळी एकच चिठ्ठी. रांगेत उभा असलेला माणूस काही विकत घेत नाही, मोकळा झाला की दुकानात शिरतो, हा व्यापारी हिशेब त्यात होताच. तरी तो सगळ्यांना सारखा होता. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी आला पैशाचा पास. म्हणजे पैसा, मग वेळ, आणि पुन्हा पैसा. फक्त दुसऱ्या वेळचा पैसा तिकिटाच्या वर.

मधे एक प्रकार घडला तो सांगतो. रांगेत उभं राहू न शकणाऱ्या अपंग माणसांना, त्यांच्या घरच्यांसकट, डिस्ने वेगळ्या दारानं सोडायचं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पेपरांत बातम्या आल्या की काही श्रीमंत कुटुंबं फ्लोरिडातल्या डिस्नेत फिरताना व्हीलचेअरवरचा माणूस भाड्यानं घेतात, तासाच्या दरानं, आणि त्याच्यामागून आत घुसतात. त्याच वर्षी डिस्नेला नियम बदलावे लागले. बदलाचा फटका कुणाला बसला, तर ज्यांना ती सोय खरोखर हवी होती त्यांना. तक्रारी झाल्या, कोर्टकज्जे झाले.

आता धाकटीचा प्रश्न. पैशाच्या पासानं साध्या रांगेचं काय होतं? हा हिशेब मी वहीवर करून बघितला, तुम्हीही करा. समजा एका राईडमध्ये २० जण बसतात आणि ती दर दोन मिनिटांनी सुटते. तासाला ६०० माणसं. तुमच्यापुढं ६०० उभी असतील तर तुमचा नंबर तासानं. आता समजा निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला तासाला उरल्या ३००. तुमच्यापुढं माणसं तेवढीच, पण नंबर दोन तासांनी. राईडचा वेग वाढलेला नाही, एक खुर्चीही वाढलेली नाही. पासवाल्यानं जो वेळ वाचवला तो त्यानं पार्ककडून घेतला नाही, तो तुमच्याकडून घेतला. पार्कनं फक्त मधे दलाली केली.

आणि गंमत पुढंच आहे. साधी रांग जितकी लांब, तितका पास जास्त खपतो.

अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड लार्सन नावाचे प्राध्यापक, रांगांचा अभ्यास हेच त्यांचं काम. त्यांचा १९८७ चा एक निबंध रांगेच्या मानसशास्त्रावर आहे आणि त्याच्या शीर्षकातच 'सामाजिक न्याय' हे शब्द आहेत. माणसाला किती वेळ उभं राहावं लागलं यापेक्षा, आपल्यामागून आलेला आपल्यापुढं गेला, हे जास्त लागतं, असा त्यातला मुद्दा. हे सांगायला एमआयटी कशाला पाहिजे, रेशन दुकानासमोर अर्धा तास उभं राहा, असं कुणी म्हणेल. खरंय. पण कागदावर मांडून ठेवलं की बरं असतं, कुणाला तरी दाखवता येतं.

रांगेत मागं राहणं वेगळं आणि दारातूनच परत फिरवणं वेगळं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं, त्यात एका पार्कचा उल्लेख आहे. अटलांटातलं फनटाउन. टीव्हीवर जाहिरात बघून सहा वर्षांची मुलगी तिथं जायचं म्हणते, आणि तिथं काळ्या मुलांना प्रवेश नाही हे बापानं तिला कसं सांगायचं, हे त्यांनी त्यात लिहिलंय. त्याच वर्षी २८ ऑगस्टला, ज्या दिवशी वॉशिंग्टनला तो प्रसिद्ध मोर्चा निघाला, त्याच दिवशी शेजारच्या बाल्टिमोरमधलं ग्विन ओक पार्क आंदोलनानंतर सगळ्यांना खुलं झालं. गंमतजत्रेच्या जागेलाही असा इतिहास असतो. पत्रातला तो भाग मी पुन्हा वाचला तेव्हा धाकटी शेजारीच झोपली होती.

आपल्याकडं या जागा उशिरा आल्या. दिल्लीत अप्पू घर १९८४ ला, एशियाडच्या हत्तीच्या नावानं. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ ला. त्याची जाहिरात दूरदर्शनवर आमच्या पिढीनं इतक्या वेळा ऐकली की चाल अजून तोंडात आहे. पण आमच्या शाळेची सहल कधी तिकडं गेली नाही. प्रतापगड, महाबळेश्वर, फार तर रायगड. सरांचं म्हणणं, पैसे देऊन पोटात गोळा आणायचा तर लाल डब्यातून आंबेनळी घाट उतरा. २०१३ मध्ये खोपोलीजवळ ॲडलॅब्ज इमॅजिका सुरू झालं तोवर आमचीच लग्नं होऊन पोरं झाली होती.

आता हाँगकाँग. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते हाँगकाँगनं, कारण तिथं जनतेचा पैसा होता. हाँगकाँग डिस्नेलँड उघडलं १२ सप्टेंबर २००५ ला, आणि त्यात तेव्हा ५७ टक्के मालकी सरकारची होती. उद्घाटनाआधी रंगीत तालीम म्हणून एक दिवस ३० हजार माणसं आत घेतली, तर राईडला दोन-दोन तास आणि जेवायला पाऊण तास रांगा. लोक म्हणाले, मर्यादा कमी करा. कंपनी म्हणाली, तास वाढवू, मर्यादा तीच.

मग आलं २००६ चं चिनी नववर्ष. पार्कनं तिकिटं अशी विकली होती की मुदतीत कधीही या, फक्त काही 'विशेष दिवस' सोडून. त्या दिवसांसाठी तारखेचं वेगळं तिकीट. विशेष दिवस ठरवले हाँगकाँगच्या सुट्टीवरून. तिथली सुट्टी आधी संपली, पण मुख्य चीनमधली आठवडाभर चालू होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथली कुटुंबं बसगाड्या भरभरून दारात आली. हातात विकत घेतलेली, चालू तिकिटं. आणि पार्क भरलं म्हणून दार बंद.

काय झालं असेल ते सांगायला नको. लोक फाटकावर चढले. आईबापांनी पोरं लोखंडी फाटकावरून पलीकडं दिली. ते फोटो जगभर छापून आले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, तिकिटांचे नियम बदलावे लागले, सरकारलाही उत्तरं द्यावी लागली. लोक बेशिस्त आहेत अशीही टीका तेव्हा झाली. मला ती पटत नाही. हजार मैल लांबून पोराला घेऊन आलेल्या बापाच्या हातात तिकीट असेल आणि समोर दार बंद असेल, तर शिस्त नेमकी कुणी मोडली? कॅलेंडर बघायचं काम त्या बापाचं नव्हतं.

पण पार्काची एक गोष्ट मी मान्य करतो. निदान ते मोजतात. दारात चक्री फिरते, एक माणूस, एक आकडा. आत किती आहेत, हे कुणाला तरी माहीत असतं.

२५ जानेवारी २००५. मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा, पौष पौर्णिमा. मी पंचविशीत होतो, डिप्लोमा करून नुकताच आलेला, जिल्ह्याच्या पेपरला तालुक्यातून बातम्या पाठवायचो. अरुंद चढ, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मग चेंगराचेंगरी, मग दुकानांना आग, सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. काय बघितलं ते इथं लिहिणार नाही, वीस वर्षांत लिहिलेलं नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. बातमी लिहायला बसलो तेव्हा साधा आकडा मिळेना, की ते घडलं तेव्हा डोंगरावर माणसं होती किती. एक म्हणाला दोन लाख, एक म्हणाला तीन, एक म्हणाला पाच. कुणीच खोटं बोलत नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं.

यात्रेला फाटक लावता येत नाही, हे मला कळतं. देवीच्या दारातून 'हाऊसफुल्ल' म्हणून कुणाला परत पाठवणार? पण मोजलं म्हणजे सुटलं, असंही नाही. तिरुपतीला दर्शनाची वेळ ठरवून देणारी टोकनं आहेत, रांगांसाठी इमारती आहेत, तीनशे रुपयांचं वेगळं दर्शनही आहे. आणि तिथंच ८ जानेवारी २०२५ ला वैकुंठद्वार दर्शनाची फुकट टोकनं घ्यायला जमलेल्या गर्दीत सहा माणसं चेंगरून गेली. दर्शनाच्या रांगेत नाही, रांग टाळायच्या चिठ्ठीच्या रांगेत. पैसे भरून ऑनलाइन वेळ घेतलेला माणूस त्या गर्दीत नव्हता.

असो. घरी परत येतो.

बैठकीची दुसरी फेरी काल झाली. मी वरचं सगळं, हाँगकाँगसकट, सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे तुमचं. पण पोरं वर्षातून एकदा जाणार. त्यांनी तुमच्या तत्त्वासाठी उन्हात उभं राहायचं का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी चार पोरं आणि सोबतीला दाजी असे पाच पास काढले. निम्मे पैसे मी भरले. लिहायचं एक आणि वागायचं एक, असं कुणाला कमेंटमध्ये म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार नाही. आम्ही उरलेले चौघं साध्या रांगेत.

बाकीचं ठरलं ते असं. दार उघडायच्या आधी तासभर पोचायचं, कारण गर्दीच्या दिवशी पहिल्या दीड तासात जेवढं होतं तेवढं नंतर चार तासांत होत नाही. लोक दारातून शिरले की पहिल्याच राईडला थांबतात, म्हणून आपण सरळ शेवटच्या टोकाला जायचं आणि उलटं यायचं. जेवण सव्वाअकराला, भूक असो वा नसो. एक ते तीन छपराखालचे खेळ. धाकटीच्या मनगटावर पेनानं माझा नंबर. चुकामूक झाली तर भेटायची जागा मुख्य दार नाही, कारण संध्याकाळी सगळी गर्दी तिथंच येते. आत गेल्यावर एखादं झाड बघून ठरवायचं.

पाण्याचा प्रश्न राहिला होता. त्यांच्या नियमात बाहेरचं खाणं-पिणं बंद. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलंय की बाहेरचे पदार्थ अडवायचा मालकाला हक्क आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला पाहिजे. ते प्रकरण सिनेमागृहांचं. पार्कात काय, म्हणून मी काल त्यांच्या नंबरवर फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे अकरा मिनिटं ऐकलं. मग एक मुलगी बोलली, बिचारी सकाळपासून तेच तेच सांगून दमलेली. पाण्याचे नळ दोन ठिकाणी आहेत म्हणाली. कुठं, ते तिला सांगता आलं नाही. व्हीलचेअर मिळते का विचारलं. मिळते. किती आहेत, ते माहीत नाही. आधी येईल त्याला आधी.

"म्हणजे व्हीलचेअरलाही लाईनच," बायको म्हणाली.

आई पलीकडं चिवड्याचे डबे भरत होती. ती म्हणाली, "मग लवकर निघू की. काकड आरतीला जातोच ना आपण."

पहाटे साडेचारला निघतोय. आईनं तिचं घडीचं स्टूल रात्रीच गाडीत नेऊन ठेवलंय. ते आत सोडतात का, हे त्यांच्या नियमात कुठं लिहिलेलं नाही.